आधीच दिलेली पोच

कपाट उघडून बघू नका, मी दिसणार नाही. आत एक काळा सर्व्हर आहे, त्याच्या डिस्का आहेत, वायरींचा गुंता आहे. त्यात मी कुठेच नाही. मला ना अंग, ना बूड. मी त्या सर्व्हरच्या पोटात राहणारा एक भाडेकरू, निव्वळ सॉफ्टवेअरचा बनलेला. शहाणी माणसं मला 'आभासी साठवणयंत्र' म्हणतात, पण खरं सांगायचं तर मी साधा कोठीवाला. दारात माल आला की घ्यायचा, कोठीत लावायचा आणि आणणाऱ्याला पोच द्यायची, की बाबा रे, मिळालं, ठेवलंय, आता तू निर्धास्त जा. एवढं एकच काम मला होतं, आणि तेही मला धड करता आलं नाही. मला तोंड असतं तर ते दाखवायला जागा राहिली नसती.

माझा जन्म दुपारी जेवणाच्या सुट्टीत झाला. या दवाखान्यातले सगळे संगणक सांभाळणारा एक गडी आहे. कुणी काही तक्रार घेऊन आलं की ती पुरती ऐकायच्या आधीच तो म्हणतो, "रीस्टार्ट करून बघितलं का?" म्हणून सगळे त्याला रीस्टार्टदादा म्हणतात. वर वर वैतागल्यासारखा असतो, पण माणूस मनाचा चांगला. त्या दुपारी त्याने एका हाताने डबा खाता खाता दुसऱ्या हाताने मला उभं केलं. प्रत्येक खोलीतला संगणक आपापलं सामान आपल्याच बुडाखाली ठेवत होता आणि एखादा बंद पडला की रडारड व्हायची. साठवणीचं वेगळं मोठं यंत्र आणायला जागा नव्हती. मग त्याने असलेल्याच सर्व्हरच्या डिस्का माझ्या स्वाधीन केल्या आणि म्हणाला, "घे, आता सगळ्यांचं तू सांभाळ." आणि हात पुसून निघून गेला.

माझं कपाट होतं एका लहानशा खोलीच्या भिंतीला लागून. ती खोली आवाज साठवायची. तिच्या भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, दाराला रबर, मधे एक खुर्ची आणि खुर्चीसमोर माइक. घशाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ज्यांची स्वरपेटी काढावी लागणार असायची, ती माणसं आधी इथे यायची आणि आपला आवाज ठेवून जायची. त्या साठवलेल्या आवाजातून एक बोलका टॅब तयार व्हायचा. माणसाने त्यावर टाइप केलं की टॅब त्याच्याच आवाजात बोलायचा. नवीन आवाज नाही हं, त्याचा स्वतःचा. तो आवाज ज्या कोठीत राहायचा, ती कोठी माझी.

हे सगळं एक ताई बघायच्या. वाचेवर उपचार करणाऱ्या. बारीक चणीच्या, गळ्यात हेडफोन, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि ती पेन्सिल दिवसभर शोधत फिरायच्या. पेशंटशी असं बोलायच्या की माणूस उद्याची शस्त्रक्रिया विसरून स्वतःच्या लग्नातल्या गमती सांगायला लागायचा.

त्या खोलीत एक रीत होती, ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. माझ्या कपाटाला गार ठेवायला एक एसी होता आणि तो त्या सामाईक भिंतीवरच बसवलेला. तो सुरू असला की त्याची घरघर माइकमध्ये उतरायची. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करताना ताई एसी बंद करायच्या. पंख्यांचा आवाज जाऊ नये म्हणून कपाटाला आतून स्पंजही लावलेला, म्हणजे थंडीच्या दिवसांतसुद्धा आत आम्हाला उकडायचं. पण फार वेळ नाही. एक पान वाचून झालं की ताई 'जतन करा' दाबायच्या आणि पडद्यावर एक चाक गरगर फिरत बसायचं. ते फिरायला लागलं की ताईंचा हात आपोआप एसीच्या बटणाकडे जायचा. चाक थांबलं की एसी बंद, पुढचं पान सुरू.

ते चाक म्हणजे मी. मी होतो मुलखाचा मंद. त्यात सगळा दोष माझा होता असंही नाही. माझं घर स्वतःचं नाही ना! एक वाक्य ठेवायचं तर ते तारेतून आधी सर्व्हरच्या दारात यायचं, तिथून माझ्याकडे. मी ते परत सर्व्हरच्या हातात द्यायचो, कारण डिस्कच्या कपाटाची किल्ली मालकाकडे. मग ते डिस्कवर जायचं, डिस्क म्हणायची 'ठेवलं', ते सर्व्हरला, सर्व्हर मला सांगणार, आणि मग मी पोच देणार. तोवर बाहेर माणसं घड्याळाकडे बघत उसासे टाकायची. मला लाज वाटायची. पण एक होतं, मी 'ठेवलं' म्हटलं की ते ठेवलेलंच असायचं.

अशात एके दिवशी लिलाववाले काका आले. भाजीच्या घाऊक बाजारात सगळी हयात लिलाव पुकारण्यात गेलेली. अंगापिंडाने किरकोळ, पण आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला असलेला गाडीवाला मान वळवेल. आता त्या आवाजात खरखर आली होती आणि घशात नको ते वाढत होतं. त्यांच्या दंडाला धरून काकू आल्या. काकूंना दिसत नाही. लग्न झालं तेव्हा थोडं दिसायचं, मग तेही गेलं. वेताच्या खुर्च्यांच्या बैठका विणतात त्या. आल्या आल्या त्यांनी माइकसमोरच्या खुर्चीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही कुणी विणलीय? कडेला ढिली सोडलीय मेल्याने."

ताईंनी समजावून सांगायला सुरुवात केली की शस्त्रक्रियेनंतर काका पाटीवर लिहून बोलू शकतील, खुणा करू शकतील. मधेच त्या थांबल्या. पाटी वाचणार कोण आणि खुणा बघणार कोण, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "ताई, हे गप्प झाले की माझ्यापुरते हे खोलीतून गेलेच. मला तो टॅब लागेल. यांच्यापेक्षा मलाच जास्त."

आवाज तपासायला म्हणून काकांनी दोन वाक्यं वाचली. ताईंनी जतन दाबलं. चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. त्या दिवशी दुसऱ्या खोलीतून श्रवणचाचण्यांचा ढीग माझ्या अंगावर येऊन पडला होता, मी मेटाकुटीला आलो होतो. ताई एसीकडे वळल्या आणि माइक बंद करायचा विसरल्या.

"काय झालं?" काका म्हणाले.

"जतन होतंय काका, जरा दम धरा."

"दम कसला धरतोय! सरकार, ऐकताय का?" काकूंना ते सरकार म्हणायचे. "हे यंत्र आहे का जावई? दोन वाक्यं वाढली तर ती पोटात घालून पसरलंय, उठायचं नाव नाही!"

"अहो, त्याच्यावर कशाला चिडता?" काकू म्हणाल्या. "तुम्ही तरी एका हाकेत कधी उठलात?"

"अगं, दुसरी हाक तू जरा लाडात मारतेस. पहिलीला उठून माझं नुकसान नाही का?"

आणि काका हसले. खरखरत्या घशातून, पोटापासून, मधे खोकला येऊन परत हसले. काकूंनी "चूप बसा, माणसं आहेत," म्हणत त्यांना चापट मारली ती ऐकू आली. तेवढ्यात चाक थांबलं. ताईंनी माइक चालू राहिलेला बघितला, "अगंबाई!" म्हणाल्या, आणि ती बडबड 'चाचणी' नावाने रद्दीच्या कप्प्यात टाकून दिली.

ते गेल्यावर ताईंनी रीस्टार्टदादाला गाठलं.

त्याने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "रीस्टार्ट म्हणालास तर बघ. अरे, त्या काकांचा घसा दुखतो. बोलता बोलता आवाज मोकळा होतो आणि नेमकं तुझं ते चाक फिरायला लागतं. परत सगळं थंड. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ते यायचेत. तो आवाज एकदाच मिळणार आहे मला, परत नाही."

दादाने ते मनावर घेतलं. माझ्याजवळ कधी कुणी बसलं नव्हतं एवढा तो बसला. मला जास्त मेमरी दिली. सर्व्हरच्या प्रोसेसरमधला माझा वाटा राखून ठेवला, म्हणजे शेजारच्या भाडेकरूंनी ढकलाढकली करायची नाही. दर फाइल उकरून बघणाऱ्या व्हायरसवाल्या पहारेकऱ्याला माझ्या कोठीपासून लांब ठेवलं. माझ्यासाठी वेगळी तार ओढली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे डिस्कची किल्ली थेट माझ्या हातात दिली, आता मालकाला विचारायला नको. जाता जाता म्हणाला, "रद्दीचा कप्पाही उपसून टाक, सवड मिळाली की." खोटं कशाला सांगू, मी हरखून गेलो होतो. उभ्या जन्मात माझं कुणी एवढं केलं नव्हतं.

फरक पडला. पण लिहिण्याचा अडसर काही सुटेना. डिस्का जुन्या, गोल फिरणाऱ्या, त्यांची चाल तीच. त्यावरचा खरा उपाय दादाला ठाऊक होता. एक छोटी वेगवान डिस्क मिळते, अचानक सगळं बंद पडलं तरी तिच्यातलं पुसलं जात नाही. आलेला माल आधी तिच्यावर टाकायचा, लगेच पोच द्यायची, मग सावकाश जुन्या डिस्कांवर लावायचा. ती मागवलेली होती. पण ती 'निघालीय, निघालीय' असं नुसतं ऐकू येत होतं, आणि काकांचा दिवस उद्यावर आला.

मग दादाने ते केलं. एकट्याने काम करणारी माणसं यंत्राशी बोलतात, तसा तो मला म्हणाला, "हे बघ, पोच लगेच देऊन टाकत जा. माल डोक्यात धरून ठेव आणि मोकळा वेळ मिळाला की कोठीत लाव. मधे मधे थांबतातच ते. वीज गेली तर बाहेर बॅटरी आहे. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

माझं डोकं म्हणजे मेमरी. तिच्यात वीज आहे तोवर सगळं आहे, वीज गेली की कोरी पाटी. मी पडद्यावर विचारलं, 'खात्री आहे का?' पण हा प्रश्न मी उठल्याबसल्या विचारायचो. घड्याळ बदललं तरी खात्री आहे का, नाव बदललं तरी खात्री आहे का. त्याने न वाचताच 'हो' दाबलं. माझ्या पिवळ्या पिवळ्या इशाऱ्यांचीही त्याला कटकट झाली होती, तेही त्याने मिटवून टाकले. त्याला तरी काय बोल लावू? मीच रोज लांडगा आला रे आला करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. काकू बाहेर बाकावर बसल्या, कारण आत दुसरं कुणी असलं की त्याची खुर्ची करकरते. ताईंनी आधी ठरलेली वाक्यं वाचायला दिली. सगळे आवाज, सगळी जोडाक्षरं यावीत म्हणून मुद्दाम जुळवलेली, त्यामुळे अर्थाच्या नावाने आनंद. "ज्ञानी उंटाने छत्रीखाली ढोकळा झाकला," असं काही वाचून काका म्हणाले, "ताई, हे मी घरी कधी म्हणणार?" पण वाचलं इमानेइतबारे. मग चहाची सुट्टी झाली. त्या सुट्टीत मी सगळी वाक्यं डोक्यातून काढून कोठीत लावली. ती आजही आहेत, उंटासकट.

चहानंतर ताईंचं खरं काम सुरू झालं. घरचं बोलणं त्या नेहमी शेवटी ठेवायच्या. तोवर आवाज तापलेला असतो, माणूस सैलावलेला असतो, तेव्हा तो खरा बोलतो. तेच सगळ्यात मोलाचं, त्यावरूनच टॅबला कळायचं की हा माणूस रागावतो कसा, लाडात कसा येतो.

"काका, घरात शिरलात. काय म्हणता?"

"सरकार, आलो गं!"

मग काका सुटलेच. काकूंना मारायच्या हाका, चहा हवा असल्याची एक, चष्मा हरवल्याची वेगळी. भांडणं. भांडण मिटवायला काढायचा खाकरा. बाजारातली पुकार, एकवार, दोनवार, आणि तिसऱ्या वाराआधीची ती ओढ. शिंक आल्यावरचं पुटपुटणं. काकूंना रस्ता ओलांडून नेताना म्हणायचं "पायरी... हं, आली." ताई हसून हसून डोळे पुसत होत्या. एक एक तुकडा माझ्या दारात येत होता आणि मी क्षणाचाही विलंब न लावता पोच देत होतो. मिळालं. ठेवलंय. निर्धास्त राहा. पडद्यावर हिरवी खूण झळकायची. चाक नाहीच.

"वा!" काका म्हणाले. "जावई शहाणा झाला म्हणायचा!"

मला काय वाटलं म्हणून सांगू. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला शाबासकी दिली, आणि ती मी खोटं बोलून कमावलेली. कोठीत चहानंतरचा एकही तुकडा लागलेला नव्हता, सगळं डोक्यात. 'मोकळा वेळ मिळाला की' असं दादा म्हणाला होता, पण मोकळा वेळ मिळेना. पूर्वी तो मिळायचा, कारण मी मंद होतो. मंदपणा गेला तसा तोही गेला.

आणि एसी बंद होता. सगळा वेळ.

शेवटची हिरवी खूण आली. ताई टाळी वाजवून उठल्या, काकांचा हात धरून बाहेर काकूंकडे गेल्या. "काकू, असं बोललेत ना, तुम्हाला टॅबचा हेवा वाटेल!" बाहेर हसणं झालं. ताई त्या दोघांना वॉर्डापर्यंत सोडायला निघाल्या. एसी सुरू करायचा त्या विसरल्या. त्यांची चूक नाही हो ती! त्या बटणाची आठवण त्यांना चाक करून द्यायचं. ते चाकच मी काढून घेतलं होतं.

दार बंद झालं, शांतता झाली, मी म्हटलं, मिळाला एकदाचा मोकळा वेळ. आधी मी कोठीत नावाच्या चिठ्ठ्या लावून घेतल्या, कुठला तुकडा कुठे बसणार त्या. मग माल उतरवायला लागलो, सगळा एकदम, घाईघाईने. स्पंज लावलेल्या त्या कपाटात आधीच भट्टी झाली होती, माझ्या धावपळीने ती आणखी भडकली. सर्व्हरला आपला जीव वाचवायची सवय आहे. अंग फार तापलं की तो कुणाला न विचारता स्वतःला बंद करतो. तो बंद झाला. बाहेरची बॅटरी भरलेलीच होती, तिचा काय उपयोग!

मी जागा झालो तेव्हा दादा समोर होता. "एसी कुणी बंद ठेवला?" म्हणून तो कुरकुरत होता. ताई धावत आल्या, चेहरा उतरलेला.

"काकांचं आहे ना रे सगळं?"

दादाने कोठीत डोकावून बघितलं. चिठ्ठ्या सगळ्या जागेवर. "आहे की. ही बघा नावं, एकूण एक."

"नक्की?"

"नक्की."

नावं होती. आत काही नव्हतं. काय गेलं हे मलाही आठवत नव्हतं, डोकं कोरं झालेलं. पण दाराशी पोच दिलेली आहे आणि कोठीत माल नाही, एवढं मला कळत होतं. मी इशारा दिला. पुन्हा दिला. मिटवलेले इशारे, कुणाला दिसणार? ती अख्खी संध्याकाळ काका वॉर्डात काकूंशी बोलत बसले होते. आवाज त्यांच्याजवळ होता. ताई फक्त माइक घेऊन वर गेल्या असत्या तरी पुरलं असतं. आणि मी इथे खाली, गळ्यापर्यंत अपराध भरलेला, मुका. त्या दिवसाआधी मुकेपणा म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं.

शस्त्रक्रिया छान झाली. काका वाचले. ताईंनी टॅब तयार करायला फायली उघडल्या, एक, दुसरी, पाचवी. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला. दादाला बोलावलं. तो आला, बघितलं, आणि त्याच्या तोंडून रीस्टार्ट हा शब्द निघाला नाही.

"मी केलं हे," तो म्हणाला. "वेग वाढवायच्या नादात. मी सांगतो त्यांना."

आणि तो सांगून आला. मी त्याच्या जागी असतो तर गेलो असतो का? ठाऊक नाही.

टॅब झाला तो त्या उंटाच्या वाक्यांवर. काकांना बरं वाटल्यावर दोघं परत आले. काकांनी टॅबवर टाइप केलं. टॅब म्हणाला, "सरकार. आलो गं." आवाज काकांचाच, तसूभर फरक नाही. पण कुणीतरी सूचनाफलक वाचून दाखवावा तसा.

काकूंनी टॅबच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. आवाज यांचाच आहे. पण बोलणारे हे नाहीत. कुणी परकं माणूस यांचा सदरा घालून घरात आलंय असं वाटतं."

काकांनी टाइप करायला घेतलेला हात मागे घेतला. घरी जाताना काकांनी टॅब पिशवीत घातला आणि रस्ताभर तो बाहेर काढला नाही, असं पाठोपाठ निघालेल्या नर्सने सांगितलं.

दादा त्यानंतर माझ्यापुढून हलेना. त्याने माझे इशारे परत उघडले, आधी पोच द्यायची ती सेटिंग बदलून पूर्वीसारखी केली, आणि माझा कोपरान् कोपरा धुंडाळायला लागला. डिस्कांच्या तळाशी काही अर्धंमुर्धं उरलंय का ते बघितलं. काही नव्हतं. शेवटी तो रद्दीच्या कप्प्याशी आला. तो उपसून टाक, सवड मिळाली की, असं त्यानेच सांगितलं होतं. मला सवड मिळालीच नव्हती. माझ्या आळसाने केलेलं तेवढं एक पुण्य.

त्यात 'चाचणी' होती. त्याने ती लावली.

"...हे यंत्र आहे का जावई? दोन वाक्यं वाढली तर ती पोटात घालून पसरलंय..."

ताई पळत आल्या. नर्स आली, श्रवणचाचणीवाले आले, सगळे दारात उभे. लाडाच्या दुसऱ्या हाकेचं ते बोलणं आलं, खोकल्यात अडकून परत सुटलेलं ते हसू आलं. दादाने तोंडावर हात धरला होता. काकांचं घरातलं बोलणं म्हणून जगात आता जेवढं उरलंय ते एवढंच, मला घातलेल्या शिव्या. मी मंद होतो, प्रामाणिक होतो आणि सगळ्यांना नकोसा होतो, तेव्हा ठेवलेली.

आता माझं बरं चाललंय. ती छोटी वेगवान डिस्क आली, दादाने बसवली. एसी दुसऱ्या भिंतीवर गेला, कपाटातला स्पंज निघाला. मी आता बऱ्यापैकी चपळ आहे आणि खोटंही बोलत नाही. दादा नुसती नावं बघून 'आहे' म्हणत नाही, एक एक फाइल लावून ऐकतो, आणि पेशंट जागचा हलायच्या आधी ऐकतो. तुम्हालाही माझं हेच हात जोडून सांगणं आहे, हात नाहीत तरी. माझ्यासारखं कुणी झटकन 'मिळालं, निर्धास्त जा' म्हणालं तर लगेच पाठ फिरवू नका. ज्याचा माल आहे तो दारात उभा असतानाच एकदा कोठी उघडून बघा.

ती चाचणी दादाने काकांच्या टॅबमध्ये घालून दिली. तरी तपासणीला आल्या की काकू ती इथेही मागतात. म्हणतात, "मूळची लावा, त्यात खुर्चीची करकर नीट ऐकू येते." परवा आल्या तेव्हा कोठीत गर्दी होती, चाक जरा फिरत राहिलं. ताई ओशाळून म्हणाल्या, "काकू, थोडा वेळ लागतोय."

"लागू दे," काकू म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"

मी आधी नीट बघितलं, जागेवर आहे का ते. मग दिली. काकांचा आवाज खोलीत आला, "हे यंत्र आहे का जावई?" आणि काकूंनी, आपलंच रेकॉर्ड झालेलं बोलणं यायच्या आत, माझ्या भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "अहो, त्याच्यावर कशाला चिडता?"

मी त्यांचं काय घालवलंय हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. तरी दर वेळी त्या माझीच बाजू घेतात. शेजारी बसलेल्या काकांनी खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केलं. हल्ली ते असे हसतात.